शहाण्याला ओळख पटेपर्यंत

१२ नोव्हेंबर

वहिनी,

साष्टांग नमस्कार घालायला मला वेगळे कष्ट नाहीत, आडवाच आहे. फक्त उताणा. छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टर आहे, आणि जिथे खाज सुटते नेमकं तिथे बोट पोचत नाही. डॉक्टर म्हणतात, शिडीवरून पडलेला माणूस एवढ्यावर निभावला हे नशीब समजा. समजतोय.

पत्र त्यासाठी नाही. एडक्यांच्या टकरीची तारीख लागली, फेब्रुवारीतला दुसरा रविवार. तोवर मी सुटेन की नाही ते इथे कुणी बोलत नाही. विचारलं की नर्सबाई चादर नीट करतात आणि निघून जातात. तेव्हा तिघं तुमच्या पदरात. तुम्हाला एडके आवडत नाहीत, ठाऊक आहे. दादा गेल्यापासून तुमचं शिवणयंत्र आणि माझा गोठा एका भिंतीनं नांदताहेत, आणि लोकांच्या नव्या कपड्यांना माझ्या एडक्यांचा वास लागतो ही तुमची तक्रार खोटी नाही. पण मला दुसरं माणूस कोण आहे?

ओळख करून देतो, कारण इतक्या वर्षांत तुम्ही त्यांच्याकडे नाक धरूनच पाहिलंय. काळ्या तोंडाचा तो दणक्या. पहिला उतरतो. त्याची पहिली धडकच काय ती, समोरच्याचं अर्धं अवसान तिथंच गळतं. पुढं त्याला दम नाही, म्हणून लगेच बाहेर घ्यायचा. दुसरा वकील, वळलेल्या शिंगांचा. हा मारत नाही, दमवतो. पुढे, मागे, पुढे, मागे. समोरचा कंटाळून चूक करतो. याला सकाळचा भरडा आधी द्या, नाहीतर दारावर शिंग आपटत बसेल. तिसरा शेवट करायला असतो.

आमच्या खेळात मैदानाकाठी एका संघाचे तिघं शेजारी-शेजारी बांधतात. आपसात डोकं लावलं की संघ बाद. कित्येकांचे संघ तिथंच मोडतात. आपले तिघं कोकरं होते तेव्हापासून एकत्र, एकमेकांना शिंग म्हणून लावलेलं नाही. नाव आहे ते त्यावर.

आणि आंघोळ घालू नका. कुणी काही सांगो, आंघोळ नाही.

लवकर लिहा. इथं छत सोडून पाहायला काही नाही.

तुमचा आडवा दीर


२० नोव्हेंबर

भाऊजी,

तुमचं पत्र मिळालं. माझ्या लेकीच्या लग्नातसुद्धा तुम्ही मला एवढ्या सूचना दिल्या नव्हत्या.

दणक्या खातो. वकील खातो आणि वर माझं डोकंही खातो. भरड्याला जरा उशीर झाला की असा ओरडतो, गिऱ्हाईक विचारतं, बाई, घरात कोण आजारी आहे का? काल ब्लाउजची बाही उलटी जोडली ती त्याच्यामुळे.

पण एक मला कळलं नाही. दणक्यावर चार ओळी, वकिलावर पाच, आणि शहाण्याबद्दल काय, तर "तिसरा शेवट करायला असतो". नाव घ्यायलासुद्धा जीभ रेटली नाही? आई मेलेलं ते कोकरू तुम्ही बाटलीवर वाढवलंत, तुमच्या खाटेखाली झोपायचं. तेव्हा मी किती बोलले होते, आठवतंय. आता तो दिवसभर फळीवर हनुवटी टेकून रस्त्याकडे पाहत उभा असतो. कुणी चालत आलं की कान उभे करतो, मग पाडतो. मला त्याचं काही कौतुक नाही, पण दिसतं ते लिहिते.

आणखी एक. आपली शिडी शेजारच्या वेल्डरकडे आहे. परवा मागायला गेले तर म्हणाला, "वहिनी, दोन महिने झाले, माझ्याकडेच आहे, आणून द्यायचंच राहिलं." मग तुम्ही कोणत्या शिडीवरून पडलात?

लेकीला जानेवारीच्या शेवटी दिवस भरतात. मला जावं लागेल. तोवर उठून बसा.

वहिनी


२८ नोव्हेंबर

वहिनी,

तुम्हाला शिवणकामात कुणी घातलं? पोलिसात जायला हवं होतं. शिडी शिडी असते. कुणाची तरी होती.

माझी झोप उडाली आहे. शेजारच्या खाटेवर बस कंडक्टर आहे, पाय मोडलेला. झोपेतसुद्धा "पुढं सरका, पुढं सरका" म्हणतो. इथं कुणी पुढं सरकेल अशी परिस्थिती नाही. मी दिवसभर हाताची बोटं मोजल्यासारखी हलवत राहतो. नर्सबाई म्हणाल्या, तुम्ही सगळ्या वॉर्डला अस्वस्थ करता. मी म्हटलं, बाई, मला उठवा, वॉर्ड आपोआप शांत होईल.

टकरीच्या मंडळाला कळवलंय की आपलं नाव राहू द्या. तिघांना रोज मैदानापर्यंत चालवून आणा. जमणार नसेल तर वेल्डरला सांगा, त्याला त्यांची भीती नाही.

शहाण्याकडे पाठ करू नका. चारा टाकताना तोंड त्याच्याकडे ठेवा, आणि मागं पावलं टाकू लागला की सरळ बाहेर या. हे मी उगाच लिहीत नाही. कारण विचारू नका.

दीर


१४ डिसेंबर

भाऊजी,

उत्तराला उशीर झाला. रागावू नका, आणि रागावलात तरी प्लास्टरमध्येच राहा.

वकिलाच्या खुरात जखम झाली. लंगडायला लागला. वेल्डरच्या गाडीतून जनावरांच्या डॉक्टरकडे नेला, त्यांनी साफ करून पट्टी बांधली. खूर बरा आहे. पण परत आणून गोठ्यात सोडला, तर शहाण्यानं मान वर केली, पाहिलं, मागं गेला आणि आला तो सरळ वकिलावर. मला वाटलं खेळतोय. दुसऱ्यांदा आला तेव्हा आवाज झाला, तसा आवाज मी आजवर ऐकला नाही. वकील बिचारा मारत नव्हता, पाहत होता. शेवटी वेल्डरनं पत्रा मध्ये घातला म्हणून थांबलं. वकिलाच्या डाव्या शिंगाला तडा गेलाय. डॉक्टर म्हणतात, भरून येईल.

आता वेगळे ठेवलेत. वकील ओरडत नाही. भरड्याला मुद्दाम उशीर करून पाहिला, तरी ओरडत नाही.

तुम्ही लिहिलंत पाठ करू नका, ते यामुळेच का? तुम्हाला कसं कळलं?

वहिनी


१९ डिसेंबर

वहिनी,

पत्र वाचलं. पुन्हा वाचलं नाही, एकदाच पुरलं.

शिडी नव्हती. त्या दिवशी सकाळी मी गोठ्यात गेलो. शहाण्यापुढं भरडा ओतला, वळलो, आणि बादली उचलायला वाकलो. त्यानं मागून मारलं. मैदानात मारतो तसं, पूर्ण अंतर घेऊन. मी कुडाला जाऊन आदळलो, आणि वळून पाहिलं तर तो पुन्हा मागं जात होता. वहिनी, तो माझ्याकडेच पाहत होता. मी त्याचं नाव घेतलं तरी तो मागं जात होता. मी सरपटत दाराबाहेर आलो आणि तुम्ही आलात तेव्हा शिडी म्हणालो. खरं सांगितलं असतं तर तुम्ही त्याला त्याच दिवशी घालवला असता, आणि मला तो विचार करायला वेळ हवा होता.

वेळ भरपूर मिळाला. महिनाभर मी इथं पडून हेच शोधतोय की मी त्याला काय केलं. काठी कधी लावली नाही. उपाशी ठेवला नाही. तापात होता तेव्हा अंगावर माझं पांघरूण घातलं. हाडं जुळतात म्हणतात डॉक्टर, पण हे काही जुळत नाही. लोक म्हणतात, एडका एकदा धन्यावर उलटला की उलटला. मी म्हणायचो, तो शहाण्या आहे, लोकांना काय कळतंय. आता त्यानं वकिलालाही सोडलं नाही. म्हणजे माझ्यातच काही नव्हतं, त्याच्या डोक्यात काही तरी मोडलंय. एका परीनं बरं वाटलं, आणि तेही लाजिरवाणं आहे.

उद्या तो तुम्हाला मारेल. दादांना मी काय तोंड दाखवू?

खाटकाला मी इथून निरोप धाडलाय. सोमवारी येईल. शहाण्याला त्याच्या हवाली करा. दोर नवा लावा, जुना त्याच्या मानेला काचतो. तुम्ही बाहेर थांबू नका, यंत्रावर बसा.

दीर


२३ डिसेंबर

भाऊजी,

खाटीक आला होता. चहा पाजला आणि परत पाठवला. म्हणाला, "निरोप तर पक्का होता." मी म्हटलं, निरोप धाडणारा माणूस उताणा पडलाय, त्याला जग उलटं दिसतं.

आता माझं ऐका, मध्ये बोलू नका. तसंही बोलता येणार नाही.

मी वकिलाला आंघोळ घातली होती. तुम्ही घालू नका म्हणालात, का ते सांगितलं नाहीत. डॉक्टरांच्या दारात शेणानं माखलेलं जनावर न्यायची मला लाज वाटली. फिनेलच्या पाण्यानं घासून घासून धुतला. वर डॉक्टरांनी मलम लावलं. मग तो गोठ्यात शिरला तेव्हा माझ्या दृष्टीनं छान स्वच्छ होता, आणि शहाण्याच्या दृष्टीनं कुणीतरी परका एडका होता. हे मला पट्टी बदलायला आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं. नुसते हसले. म्हणाले, बाई, हे प्राणी चेहऱ्यावरून ओळखतात ते थोडं, आणि वासावरून ओळखतात ते सगळं. मी हे तुमच्यापासून लपवलं, कारण तुम्ही प्लास्टर फोडून आला असता. त्याचा परिणाम तुम्ही खाटीक बोलावण्यात झाला.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी यंत्रावर होते. वाचलं आणि पाय थांबला. भाऊजी, त्या दिवशी सकाळी तुम्हाला सर्दी झाली होती. नाक असं बंद होतं की "वहिनी"च्या जागी "वहिदी" म्हणत होतात. मीच तुमच्या मफलरीवर निलगिरीचं तेल ओतलं. शिंपडलं नाही, ओतलं, बाटली हातातून कलंडली. तुम्हाला काहीच वास आला नाही, तशीच गुंडाळून गोठ्यात गेलात.

मफलर मी काढून ठेवली होती. आज बाहेर काढली तर अजून डोळ्यांत पाणी येतं. ती काठीला बांधली आणि फळीवरून शहाण्यापुढे धरली. त्याची मान ताठ झाली, एक एक पाऊल मागं. मी काठी टाकून दिली. मग तुमच्या खुंटीवरचा जुना सदरा आणला, ज्याला मी कधी हात लावत नाही. तो त्यात तोंड खुपसून उभा राहिला. मी ओढला तर सोडेना. माझी गिऱ्हाइकं ताटकळत होती, पण मी उभीच राहिले.

त्यानं तुम्हाला मारलं नाही, भाऊजी. तुमच्या गोठ्यात शिरलेल्या कुणा परक्या माणसाला मारलं. दिवसभर रस्त्याकडे पाहत उभा असतो तो तुमच्यासाठीच. त्याच्या हिशेबी तुम्ही त्या सकाळी आलाच नाहीत, आणि अजून आला नाहीत.

वेल्डरनं डॉक्टरांच्या सांगण्यावरून पाइपचा एक अरुंद कठडा केलाय. तिघांना त्यात दाटीनं कोंबलं. मागं जायलाच जागा नाही म्हटल्यावर धडक कुठून मारणार? एकमेकांच्या अंगाला अंग घासत दोन दिवस उभे राहिले. काल सोडले. एकाच घमेल्यात तोंडं घालून खाताहेत, आणि वकील पुन्हा ओरडायला लागलाय. मला वाटलं नव्हतं, पण बरं वाटलं.

एक विचारू? टकरीच्या आधी तुम्ही तिघांना एकदमच धुता, तिघांच्या अंगाला तेच ते उग्र तेल चोळता. सगळेच चोळतात. म्हणजे तुमचा सगळा खेळ कुणी कुणाला ओळखू नये यावरच चालतो की काय?

वहिनी


२ जानेवारी

वहिनी,

पत्र वाचताना मी रडलो. कंडक्टरनं विचारलं, "कोण गेलं हो?" म्हटलं, कोण गेलं नाही, वाचलाय.

चूक कुणाची म्हणाल तर माझी. पट्टीचा एडकेवाला, आणि नाक बंद म्हणून अक्कलही बंद. आंघोळीचा नियम मला उस्तादानं शिकवला, मी तो एडक्यांपुरता धरला. माणसालाही वास असतो हे ध्यानातच आलं नाही. तेलाच्या बाटलीचं मनाला लावून घेऊ नका. तुम्ही माझी सर्दी पाहिलीत, मी माझं जनावर पाहिलं नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचा आधी राग आला, मग तोही टिकला नाही.

प्लास्टर काढलं. आत माझ्याजागी कुणी वाळलेला माणूस निघाला. काठी घेऊन चार पावलं टाकतो आणि घाम फुटतो. काठीशिवाय उभा राहायला गेलो तर कंडक्टरच्या खाटेवर पडलो. डॉक्टरांनी बजावलंय, कण्याला पुन्हा धक्का बसला तर उठणं विसरा. मी विचारलं, एडक्यांजवळ जायला हरकत नाही ना? त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

पण मला आता इथं राहवत नाही. तो तिथं उभा आहे आणि मी इथं.

दीर


१५ जानेवारी

भाऊजी,

जावयाची तार आली, लेकीला आधीच त्रास होतोय. मी आज निघते. किल्ली वेल्डरकडे. तिघांचं तोच पाहील, तुमच्या जेवणाचं त्याची बायको पाहील.

तुमची खोली झाडून घेतली. अंथरूण धुतलं, कपडे सगळे धुतले, खुंटीवरचा तो सदरासुद्धा. उकळत्या पाण्यात घातला तेव्हा कुठे रंग दिसला. दवाखान्यातून माणूस यायचा तर घर स्वच्छ हवं.

मी येईपर्यंत गोठ्यात पाऊल टाकायचं नाही. फळीबाहेरून पाहायचं. तुमच्या दादांची शपथ घालत नाही, माझीच घालते, कारण मी जिवंत आहे आणि जाब विचारायला येणार आहे. तुमच्या अंगाला दोन महिन्यांच्या औषधांचा वास आहे. त्यानं एकदा तुम्हाला ओळखलं नाही तर तुमचा पाठीचा कणा गेला. दुसऱ्यांदा ओळखलं नाही तर तुम्ही जाल. मग तो शहाण्या मला नकोय, आणि काहीच नकोय.

वहिनी


३० जानेवारी

वहिनी,

नात झाली ते कळलं. आजीच्या वळणावर गेली असेल तर घरातल्या सगळ्यांना धाकात ठेवेल. लेकीला माझा आशीर्वाद सांगा. तुम्ही तिथं महिनाभर राहा, घाई नको. हे मी का म्हणतोय ते आता येईल.

टकरीतून नाव काढून घेतलं. मंडळाचे लोक घरी आले होते, म्हणाले, यंदा तुमचाच संघ जिंकणार होता. म्हटलं, होता. मैदानात न्यायचं तर त्यांना परत धुवायचं, ते तेल चोळायचं, समोर आणखी एक धुतलेला. नाही वहिनी. माझ्यानं होणार नाही. दणक्याला तसंही दम राहिला नाही आणि वकिलाचं शिंग नाजूकच राहणार. लोक म्हणतील एडकेवाला भ्यायला. भ्यायलोच.

आता शपथेचं. पहिल्या दिवशी मी फळीबाहेरच उभा राहिलो, देवाशप्पथ. तुम्ही धुतलेला सदरा, धुतलेलं धोतर, दवाखान्यातली काठी. माझ्या अंगावर माझं असं काही तुम्ही शिल्लकच ठेवलं नव्हतं. मी "शहाण्या" म्हणून हाक मारली. त्यानं कान उभे केले. आवाज कळला होता त्याला, वहिनी, कळला होता. जवळ आला. नाक फळीच्या फटीला लावलं. आणि मग एक पाऊल मागं गेला, मग दुसरं.

मी घरात येऊन बसलो. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. फळीपलीकडे तो, अलीकडे मी, आणि दोघांना चैन नाही. तो रस्त्याकडे पाहायचा. मी त्याच्या समोर उभा आणि तो माझ्यासाठी रस्त्याकडे पाहतोय. हे मला सहन झालं नाही.

वेल्डरला म्हटलं, कठडा लाव. त्यानं तिघांना आत घेतलं, दाटीनं. म्हटलं, आता मलाही आत घे. तो म्हणाला, "वहिनी माझा जीव घेतील." म्हटलं, तुझा नंतर घेतील, आधी माझा. काठी आत मावेना, म्हणून बाहेर ठेवावी लागली.

डावीकडे दणक्या, उजवीकडे वकील, आणि समोर शहाण्याचं डोकं माझ्या छातीला टेकलेलं. मागं पाइप. शहाण्या ढकलत होता, पण ढकलायलाच जागा नव्हती. किती वेळ गेला ते वेल्डरला विचारा, तो बाहेर घाम पुसत होता. माझे पाय कधीचे गळाले होते, पण तिघांच्या मध्ये पडायचं तरी कुठं? वकिलानं अंग घासलं, दणक्या माझ्या खांद्यावर शिंकला. हळूहळू माझा वास गेला आणि त्यांचा लागला. दुपार कलली.

मग शहाण्यानं डोकं जरा खाली घेतलं आणि माझ्या सदऱ्याचं बटण तोंडात धरून चोखायला लागला. कोकरू असताना बाटली संपली की तो हेच करायचा, तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं, तुम्ही रागावला असतात. एवढा थोरला झालाय, आणि डोळे मिटून बटण चोखत होता. मी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हटलं, आलो रे.

वेल्डरनं कठडा उघडला. तिघं बाहेर गेले, आणि मी उभाच होतो. कशालाही न धरता. वेल्डर काठी घेऊन धावत आला, तेव्हा मला कळलं की मी उभा आहे.

रोज थोडा वेळ त्यांच्यात उभा राहतो. तो रस्त्याकडे पाहत नाही आता.

सदऱ्याचं वरून दुसरं बटण निघालंय. गिळलं नाही त्यानं, माझ्या खिशात आहे. तुम्ही आलात की लावून द्या, पण सदरा धुवायचा नाही.

तुमचा उभा दीर